चौऱ्याण्णव, स्थिर

ॐ. कार्यारंभी ज्याचे स्मरण करावे त्या विघ्नहर्त्याला, आणि माझ्या जिभेवर जिचे वास्तव्य आहे असे मी आयुष्यभर मानत आलो त्या शारदेला, वंदन करून लिहावयास बसलो आहे. निमित्त माझे मित्र उत्तमराव यांच्या वर्षश्राद्धाचे. ते आज दुपारी त्यांच्या मुकुंदवाडीच्या घरी पार पडले. संकल्प मीच सांगितला, पिंड माझ्याच सूचनेप्रमाणे ठेवले गेले. पंगत उठल्यावर त्यांच्या लेकीने, रेखाने, सर्व नातलगांसमोर माझ्याविषयी चार शब्द सांगितले. ते ऐकून मी घरी आलो, हातपाय धुतले आणि हा कागद पुढे ओढला.

जे लिहिणार आहे ते मी आजवर कोणालाही सांगितलेले नाही. पत्नीला नाही. देवापुढेही — हो, देवापुढेही मी ते फिरवून, सोज्वळ करूनच सांगितले आहे. तुम्ही मला ओळखत नाही. म्हणून तुम्हाला सांगणे सोपे जाईल असे वाटले होते. तसे ते जात नाही.

रेखा काय म्हणाली ते आधी सांगतो. ती म्हणाली की बाबांचे शेअरमधले सगळे पैसे बुडाले होते, हे तिला बाबा गेल्यावर कळले. बाबांना डोळ्यांनी दिसत नव्हते, आणि गुरुजी — म्हणजे मी — त्यांना रोज सकाळी जुनाच भाव वाचून दाखवत होते. "बाबा सुखानं गेले," ती म्हणाली, "ते गुरुजींमुळं. असं खोटं बोलायलाबी पुण्याई लागती."

उत्तमरावांच्या थोरल्या बहिणीने माझ्यावरून हात ओवाळून कडाकडा बोटे मोडली. थोरल्या मुलाने खांद्यावर शाल घातली. मी मान खाली घालून बसलो. त्यांना तो विनय वाटला असावा.

रेखाने सांगितले त्यात एकही शब्द चुकीचा नाही. मी खोटा भाव वाचत होतो, हे खरे. उत्तमराव सुखाने गेले, हेही खरे. तरीही इतके मोठे असत्य मी उभ्या आयुष्यात ऐकलेले नाही. ते कसे, हे सांगण्यासाठी मला थोडे मागे जावे लागेल.

मी पस्तीस वर्षे शाळेत संस्कृत शिकवले. निवृत्तीनंतर आमच्या वसाहतीतील गणपतीच्या देवळात सकाळच्या आरतीनंतर पंचांग वाचण्याचे काम माझ्याकडे आपसूक आले. तिथी, वार, नक्षत्र, योग, करण — पाच अंगे वाचायची, दिवसाचे बरेवाईट सांगायचे. ऐकणारे पाचसात वृद्ध. त्यांत उत्तमराव. ते मूळचे शहराबाहेरच्या शेंद्रा गावचे. त्यांची सात एकर जमीन औद्योगिक वसाहतीत गेली. मोबदल्यातून मुकुंदवाडीत घर बांधले, दोन्ही मुलांना दुकाने घालून दिली, रेखाचे लग्न करून दिले. तीन वर्षांत रेखा परत आली. का आली, हे त्यांनी कधी सांगितले नाही. मीही विचारले नाही. मुलांनी आणि सुनांनी तिला घरात घेतले, पण कसे घेतले हे त्यांना दिसत होते. तेव्हा त्यांना दिसत होते.

"घर पोरांचं झालं, गुरुजी," एकदा पंचांग संपल्यावर ओट्यावर बसून ते म्हणाले. "खोली पोरीची व्हाया पायजे. एकच खोली. पर तिच्या नावाची."

मोबदल्यातील शेवटची शिल्लक त्यांनी त्या खोलीसाठी बाजूला ठेवली होती. मुलांना तिचा पत्ता नव्हता. ही गोष्ट त्यांना, रेखाला आणि मला, एवढ्यांनाच ठाऊक. बँकेतील व्याज पुरेना, आणि खोल्यांच्या किमती वाढत चाललेल्या. त्याच सुमारास त्यांच्याच शेतावर उभ्या राहिलेल्या कारखान्याचे अग्रहक्क भाग बाजारात विक्रीस होते. गुलमंडीच्या बाजारात कापडाच्या दुकानाच्या माडीवर बसणारे दलाल झुंबरशेठ यांनी ते सुचवले. साध्या शेअरपेक्षा हे निराळे: लाभांश ठरलेला, मुदतीनंतर मूळ रक्कम परत, आणि लाभांश वाटताना साध्या भागधारकांच्या आधी यांचा क्रमांक. झुंबरशेठनी माहितीचा कागद हाती दिला. उत्तमरावांनी तो न वाचताच माझ्याकडे दिला. "हा शब्द काय म्हन्तो, ते सांगा फकस्त."

शब्द काय म्हणतो! मला याहून गोड प्रश्न कोण विचारणार होते? मी तेथेच, कापडाच्या ताग्यांमध्ये उभा राहून, त्या शब्दाची फोड केली. अग्र म्हणजे पुढचे, पहिले. ज्याचा मान पहिला, त्याची अग्रपूजा. गणपतीला जसा अग्रपूजेचा मान, तसा या भागांना पैशाचा मान. आधी तुमचे पान वाढले जाणार, मग इतरांचे. झुंबरशेठ हसले, म्हणाले, गुरुजींनी आमच्या धंद्याला आज मंत्र दिला.

त्या कागदाच्या मागच्या बाजूस बारीक अक्षरांत आणखीही काही लिहिले होते. कंपनी बुडालीच तर आधी बँका, मग कामगार, मग पुरवठादार, मग सरकार — आणि या सर्वांनंतर अग्रहक्कवाले. त्यांच्या मागे उभे फक्त साधे भागधारक. ते मी वाचले होते. शिवाय अग्र या शब्दाला दुसरा अर्थ आहे, टोक. गवताच्या पात्याचे अग्र. वारा आला की प्रथम हलते ते तेच. हा अर्थ मला येत नव्हता काय? मी तो शेकडो मुलांना शिकवला होता. त्या दिवशी सांगितला नाही, कारण सांगितला असता तर माझे व्याख्यान बिघडले असते.

पण हे माझे पाप नव्हे. ही चूक आहे, आणि तिच्यासाठी मी माझ्याही खिशात हात घातला होता. उत्तमरावांनी तीन हजार भाग घेतले. मी सहाशे.

त्यानंतरची काही वर्षे चांगली गेली. दरवर्षी लाभांश जमा होई. माझ्या मुलीने पुण्याहून मला मोबाइल पाठवला होता, त्यात भाव दिसत. मग पंचांगानंतर उत्तमराव मला थांबवू लागले. "पाच अंगं झाली, गुरुजी. आता आपलं सहावं सांगा." मी चष्मा सावरून बाजाराच्या बातम्याच वाचायला घेई. व्याजदराच्या बैठकीत काय ठरले, कच्चे तेल कुठवर गेले, सोने किती, डॉलर किती, निर्देशांक किती वर, किती खाली. आणि सरतेशेवटी आमच्या भागाचा भाव. त्यांना त्यातले फारसे कळत नसे, पण ऐकण्याचा भक्तिभाव मोठा. निर्देशांकाविषयी त्यांचे मत वाईट होते. म्हणत, "ह्यो निर्देशांक म्हंजी आमच्या धाकट्यावानीच दिसतो. सकाळी टणाटणा उड्या, दुपारच्याला आडवा." आपला भाग मात्र त्यांना आवडे, कारण तो उड्या मारत नसे. चौऱ्याण्णव, पंच्याण्णव, पुन्हा चौऱ्याण्णव. मी वाचत असे: "चौऱ्याण्णव. स्थिर." आणि ते म्हणत, "स्थिर. बेस."

मग त्यांची दृष्टी गेली. काचबिंदू होता, उपचारास उशीर झाला. आधी दोन्ही बाजूंच्या कडा गेल्या, मग मधला उजेडही. रेखा हात धरून त्यांना देवळापर्यंत आणी आणि तासाभराने न्यायला येई. आता ते भाव केवळ ऐकत नव्हते. माझ्या शब्दांखेरीज त्यांच्याजवळ दुसरे काहीच उरले नव्हते. एकदा त्यांनी माझा मोबाइल हातात घेऊन त्याच्या काचेवरून अंगठा फिरवला. म्हणाले, "इथं माझं वावर हाय म्हना की." मी हो म्हणालो.

त्या वर्षी बाजारात पडझड सुरू झाली. बातम्या आठवत असतील तुम्हाला: परदेशी पैसा बाहेर चाललेला, रुपया उतरलेला, पुढच्या पुढच्या तारखांची आश्वासने देणाऱ्या कंपन्या. आमच्या कारखान्याच्या मालाला गिऱ्हाईक घटले. त्या वर्षीचा लाभांश आला नाही. मी उत्तमरावांना सांगितले की हे भाग संचयी आहेत, न दिलेला लाभांश बुडत नाही, साठत राहतो. हे कागदावर खरे होते. ते खुशच झाले. म्हणाले, साठू द्या, रेखाला एकदमच घावंल.

आणि एके सकाळी, आरतीच्या आधी, मी मोबाइल उघडला तर भाव एक्याऐंशी.

त्या सकाळी पंचांग वाचताना माझा आवाज बदलला नाही, हे मला स्पष्ट आठवते. योग वाचला, करण वाचले. सोने सांगितले, तेल सांगितले. उत्तमराव मान किंचित वाकडी करून ऐकत होते. अंध माणसे ऐकतात तसे, अवघा चेहरा कान करून. मी म्हणालो, "चौऱ्याण्णव. स्थिर."

यानंतरचे मी स्वतःला हजार वेळा सांगितले आहे, आणि देवालाही. अंध मित्राला धक्का कसा द्यावा? अप्रिय सत्य बोलू नये असे आपली शास्त्रे सांगत नाहीत काय? भाव उद्या सावरेल, मग आज कशाला? हे सगळे मी बोलत राहिलो, आणि रेखानेही नेमके हेच मानले. करुणा! किती सुंदर शब्द आहे. त्याचीही फोड मला करता येते.

पण मित्रहो, त्या सकाळी आरतीच्या आधी, एक्याऐंशी पाहिल्यावर, मी पहिली गोष्ट केली ती चौऱ्याण्णव म्हणण्याची नव्हती. देवळाच्या मागच्या बाजूला, हौदापाशी जाऊन मी झुंबरशेठना फोन लावला होता. माझे सहाशे भाग विका, असे सांगितले होते.

हे लिहिले. आता उरलेलेही लिहितो.

झुंबरशेठ म्हणाले की या भागांचा बाजार फार बारीक आहे. साध्या शेअरसारखे नाही. घेणारा एखाद्या दिवशी तीस घेतो, एखाद्या दिवशी पन्नास, एखाद्या दिवशी कोणीच येत नाही. जास्त भाग एकदम विकायला काढले तर भाव कोसळेल. मग त्यांनी सहज विचारले, "उत्तमरावांचेबी काढायचे का, गुरुजी? सोबतच इकायचे आसतील तर सांगा. पर तीन हजार आले की तुमच्या सहाशेला कोन इचारनार?"

मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, "त्यांचे राहू द्या. ते थांबणार आहेत."

ते थांबणार आहेत! त्यांना भाव ठाऊक नव्हता. तो ठाऊक होता मला. ओट्यावर बसून ते माझी वाट पाहत होते, आणि मी हौदापाशी उभा राहून त्यांच्या वतीने ठरवत होतो की ते थांबणार आहेत. मग मी हात धुतले, आत येऊन आरतीत उभा राहिलो, पंचांग उघडले आणि चौऱ्याण्णव म्हणालो.

माझे सहाशे भाग विकायला एकोणीस दिवस लागले. एक्याऐंशीला काही गेले, पंचाहत्तरला काही, अडुसष्टला काही. त्या एकोणीस दिवसांत मी एकही सकाळ चुकवली नाही. उलट वेळेआधी जात असे. आणि एक गोष्ट मला फार लवकर उमगली: असत्यालाही चढउतार लागतो. रोज चौऱ्याण्णवच म्हटले तर संशय येईल. म्हणून एखाद्या दिवशी पंच्याण्णव म्हणालो, एखाद्या दिवशी त्र्याण्णव. त्र्याण्णव म्हणताना थोडा चिंतेचा सूर लावला. उत्तमराव मलाच धीर देत. म्हणत, चढउतार व्हायचाच, गुरुजी, बाजार हाय.

चौदाव्या किंवा पंधराव्या दिवशीची गोष्ट. आदल्या संध्याकाळी झुंबरशेठचा फोन आला होता. एक मोठा घेणारा आला आहे, उद्या हजारभर भाग उचलेल, साठच्या आसपास. पुन्हा असा मिळणे कठीण. माझे दोनशे चाळीस उरले होते. ते त्यालाच द्या, असे मी सांगितले. उत्तमरावांचे नाव काढले नाही.

दुसऱ्या दिवशी ओट्यावर उत्तमराव नेहमीसारखे नव्हते. काठी दोन्ही हातांत धरून बसले होते. पंचांग चालू असताना त्यांचे लक्ष नव्हते. इतर मंडळी उठून गेली. त्यांनी सांगितले की शेंद्र्याहून पाहुणा आला होता. कारखान्याच्या फाटकावर पगाराची बोंब आहे म्हणतो, दोन पाळ्यांची एक पाळी झाली म्हणतो. मी म्हणालो, कारखाना म्हटला की अशा गोष्टी चालतातच.

त्यांनी काठी बाजूला ठेवली. मग माझ्या दिशेने वळले — अगदी माझ्याकडे नव्हे, जरा बाजूला, जिथे मी बसलो आहे असे त्यांना वाटले तिथे.

"गुरुजी, खरं सांगा. इकून टाकू का?"

सांगा, वाचकहो, या प्रश्नात संदिग्ध काही होते काय? कोणता समास सोडवायचा होता? माझ्या सदऱ्याच्या खिशात मोबाइल होता. त्या दिवशी हजार भागांना गिऱ्हाईक होते. माझे दोनशे चाळीस वजा जाता साडेसातशेहून अधिक त्यांचे जाऊ शकत होते. मी मागे सरलो असतो तर पूर्ण हजार. खोलीचे संपूर्ण पैसे नव्हेत. पण दाराचे, भिंतींचे, काहीतरी. मला फक्त "हो" म्हणायचे होते. एक अक्षर.

पण हो म्हटले की भाव सांगावा लागणार होता. भाव सांगितला की ते विचारणार होते, कधीपासून? आणि मग हौदापाशी केलेला फोन. आणि मग मी.

"थांबा, उत्तमराव," मी म्हणालो. "अग्रहक्क आहे आपला."

त्यांनी मान डोलावली. त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण सुटलेला मला दिसला. म्हणाले, "तुमी म्हन्ता तर मग झालं." आणि रेखा न्यायला आली तेव्हा तिला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले की गुरुजींचं डोस्कं ठिकानावर हाय, म्हून आपली खोली ठिकानावर हाय.

त्या दुपारी इतर विकणाऱ्यांच्या गर्दीत माझे दोनशेच गेले. उरलेले चाळीस पुढच्या चार दिवसांत. त्या घेणाऱ्याने बाकीचे कोणाचे उचलले, मला ठाऊक नाही.

माझे सर्व भाग विकले गेल्यावर तरी मी बोलायला हवे होते. तेव्हा भाव पंचावन्नाच्या घरात होता, अगदी मातीमोल नव्हता. आता माझा स्वार्थ उरला नव्हता. मग कशाला थांबलो? याचे उत्तर मला शोधावे लागले नाही, ते तेव्हाही समोर होते. स्वार्थ संपला होता. भय राहिले होते. त्यांचे पैसे वाचावेत यापेक्षा माझे नाव वाचावे हे मला अधिक वाटले. पुढे भाव तीसवर आला, मग व्यवहारच बंद झाले, कंपनी दिवाळखोरीच्या न्यायालयात गेली. बँकांना त्यांचा वाटा मिळाला, कामगारांना थोडाफार. अग्रहक्कवाल्यांपर्यंत काहीच आले नाही. कारखाना दुसऱ्या मालकाने घेतला आणि चालू ठेवला. उत्तमरावांच्या मृत्यूपर्यंत, आठ महिने, ज्या भागाचा भावच अस्तित्वात नव्हता त्याचा भाव मी रोज सकाळी वाचत राहिलो.

विकून आलेल्या पैशांचे काय केले, तेही सांगितले पाहिजे. पत्नीला काशी दाखवण्याचे वचन मी लग्नाच्या वेळी दिले होते. तिला घेऊन काशीस गेलो. गाडीत तिने विचारले, "उत्तमरावांनीही विकले ना?" मी म्हणालो, "हो, आपल्याबरोबरच." तिला समाधान वाटले, म्हणाली, बरे झाले, रेखाची काळजी मिटली. घाटावर आम्ही स्नान केले, दीप सोडले, पितरांना पाणी दिले. येताना गंगेचे पाणी भरून तोंड झाळून बंद केलेले गडू आणले. एक उत्तमरावांना दिला. त्यांनी तो दोन्ही हातांत घेऊन कपाळाला लावला, आणि पुष्कळ वेळ खाली ठेवला नाही.

त्यांच्या शेवटच्या दिवशी मला बोलावणे आले. रेखाने तोच गडू फोडला होता. त्याच पाण्याचे चमचे तिने त्यांच्या ओठांत घातले. मी उशाशी बसून नाम घेत होतो. त्या पाण्याची किंमत कोणी मोजली होती, हे त्या खोलीत मला एकट्याला ठाऊक होते.

ते गेल्यावर पंधरा दिवसांनी रेखा कागद घेऊन गुलमंडीला गेली. झुंबरशेठनी तिला खरे ते सांगितले. माझ्या विक्रीविषयी मात्र ते बोलले नाहीत. एका गिऱ्हाइकाचे दुसऱ्याला सांगायचे नाही हा त्यांचा नेम. तेथून ती सरळ माझ्याकडे आली. मी तिला दारात पाहिले आणि वाटले, संपले. एका अर्थाने सुटल्यासारखे वाटले. पण ती आत आली, माझ्या पायांवर डोके ठेवले आणि रडू लागली. तुम्ही बाबांना कळू दिले नाहीत, म्हणाली. तिने ती कथा स्वतःच रचून आणली होती, जशीच्या तशी, मला सोयीची. मला तिच्यात एकही शब्द घालावा लागला नाही. मी केले ते इतकेच: तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि आशीर्वाद दिला.

रेखा आता शेंद्र्याच्या त्याच कारखान्यात, नव्या मालकाकडे, माल खोक्यांत भरण्याच्या कामावर जाते. ज्या जागेवर ती दिवसभर उभी राहते, ती तिच्या बापाच्या बांधाच्या आत आहे. विहीर कुठे होती ते ती अजून दाखवू शकते. भावजयांशी पटले नाही तेव्हा ती घराबाहेर पडली. मुकुंदवाडीतच भाड्याने राहते, पत्र्याच्या खोलीत, दुसऱ्या एका बाईबरोबर अर्धे अर्धे. करार अकरा महिन्यांचा, तो संपला की पुन्हा नवी खोली शोधायची.

आज सगळे पांगल्यावर ती माझ्याजवळ येऊन बसली. ओसरीत ताटे घासल्याचा आवाज येत होता. पगारातून थोडे शिल्लक पडले आहेत, म्हणाली. भावांना ठाऊक नाही. पिशवीतून बँकेचे पुस्तक काढून तिने माझ्या मांडीवर ठेवले.

"तुमी सांगाल तिथं ठेवते, गुरुजी. बाबांचंबी तुमीच बघत व्हता."

मी ते पुस्तक उघडले नाही. तिला परत दिले, आणि म्हणालो की उद्या एक कागद देईन, तो वाच, मग ठरव. ती हसली. म्हणाली, तुमीच वाचून दावा की, तुमच्या तोंडून आइकायला बरं वाटतं. मी म्हणालो, नाही. हा तू स्वतः वाचायचास.

तो कागद हाच. इतर कोणाच्या हाती जाण्याआधी उद्या सकाळी तिच्या हाती जाईल. त्याच्यासोबत तेव्हाच गुलमंडीहून आलेला माझ्या विक्रीचा उतारा असेल, एकोणीस दिवसांचा, तारखांसह. नंतर ती माझ्याशी बोलेल किंवा बोलणार नाही. भावांना सांगेल किंवा साऱ्या देवळाला सांगेल. त्यावर माझे काही म्हणणे नाही. पत्नीही हे वाचेल. काशीविषयी तिला काय वाटेल, ते तिचे तिने ठरवावे. जेवढी रक्कम माझ्या हाती आली तेवढी मी रेखाच्या नावाने भरीन, पण तिने खोली होत नाही. आणि ज्या दिवशी तिच्या बापाने मला विचारले होते तो दिवस त्या रकमेने भरून येत नाही. म्हणून ते प्रायश्चित्त आहे असे मी म्हणत नाही.

मी वाईट माणूस नाही, हे वाक्य इथवर येता येता तीनदा लिहिले आणि तीनदा खोडले.

हे वाचणाऱ्या तुम्हाला, आणि तुमच्या घरातील लहानथोरांना, माझा आशीर्वाद. तो कोणाच्या तोंडचा आहे हे आता तुम्हाला ठाऊक झाले आहे. तरीही आशीर्वाद देणारा मलिन असला म्हणून देव तो परत पाठवत नाही, अशी माझी श्रद्धा आहे. तुमच्या वडीलधाऱ्यांची दृष्टी शेवटच्या दिवसापर्यंत शाबूत राहो. तुमच्या दारी विश्वासाने येणाऱ्याला रिकाम्या हाताने जावे न लागो. तुमच्या लेकीबाळींना स्वतःच्या नावाचे दार लाभो, आणि ते आतून लावून त्यांना निर्धास्त झोप लागो. शुभं भवतु.